फ्रिजच्या पाठीवर हात

दूध तापायला ठेवले की मी वाकून फ्रिजच्या मागे हात घालते. जाळीच्या खाली नारळाएवढा काळा लोखंडी गोळा असतो, तो कम्प्रेसर. त्यावर हात ठेवून दहा आकडे मोजता आले तर ठीक. मग मी कान देते. आवाज एका सुरात चालला असेल आणि काही वेळाने आपणहून थांबत असेल, तर तेही ठीक. यजमान हे पाहतात आणि वर्तमानपत्र उलटतात. ही सवय मला दोन वर्षांपूर्वी नव्हती.

चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. बारावीच्या उष्मागतिकीच्या प्रकरणात फ्रिज येतो. थंड कप्प्यातली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या अधिक गरम हवेत नेऊन टाकायची. हे आपोआप घडत नाही, त्यासाठी बाहेरून कार्य पुरवावे लागते. ही आकृती मी फळ्यावर दरवर्षी काढली. बाण कुठून कुठे जातो, हे मला झोपेतही सांगता आले असते. शिक्षकांच्या खोलीत मी फारशी कधी बोलले नाही. सभेत हात वर करायचा विचार नुसता मनात आला तरी मी वहीत मान घाली. मात्र फळ्याजवळ माझा आवाज स्वच्छ निघायचा. आता असे वाटते की भित्र्या माणसाचा आवाज, समोरचा उलट बोलणार नाही याची खात्री असेल तिथेच स्वच्छ निघतो.

आत्याबाई आमच्याकडे आल्या त्या होळीनंतर. त्या यजमानांच्या सख्ख्या आत्या, कुरखेड्याच्या पुढच्या एका गावी एकट्या राहणाऱ्या. यजमान अकरा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्याकडेच वाढले. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन चंद्रपुरात करायचे ठरले होते. त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की साखर आटोक्यात असेल तरच डोळ्याला हात लावीन. त्या दिवशी ती थोडीच वर होती. महिनाभर नीट सांभाळा, मग तारीख देतो, असे ते म्हणाले. आत्याबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. मृगाच्या आत घरी गेले पाहिजे, कारण तेव्हा धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकायचे असतात, आणि या वर्षी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. मागच्या वर्षी शेजाऱ्याने टाकले तेव्हा त्यांना शेत नुसते हिरवट धुके दिसले होते.

गावी त्या इन्सुलिन माठात ठेवत. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडके रुतवलेले, मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली, वर ओला फडका. गावातल्या आशाताईने, म्हणजे आरोग्यसेविकेने, शिकवले होते. सकाळ-संध्याकाळ वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायचे, एवढेच काम. आमच्याकडे येताना त्यांनी ते लहान मडके कापडात गुंडाळून सोबत आणले होते. मला हसू आले. मी ते लपवले नाही. मडक्यात फार तर सव्वीस-सत्तावीस अंश मिळतील आणि आपल्याला आठाच्या खाली हवेत, हे मी त्यांना वर्गात सांगावे तसे सांगितले.

"गावी फ्रिज नाई, त का कधी दवाई नासली का माही?" त्या म्हणाल्या.

मी म्हटले, इथे तो प्रश्नच येणार नाही. आणि मडके अंगणात तुळशीशेजारी ठेवून दिले.

आमच्या शाकाहारी घरात फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खळग्यांचा उपयोग लिंबे आणि औषधे ठेवायला होत असे. इन्सुलिनच्या बाटल्या मी तिथे ओळीने लावल्या. तीन महिन्यांच्या एकदमच आणल्या होत्या. उन्हात दुकानाच्या फेऱ्या नकोत, म्हणून.

आत्याबाईंची खाट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत टाकायची होती. तिथे भिंतीपासून हातभर पुढे फ्रिज उभा होता. तो आम्ही दोघांनी ढकलत स्वयंपाकघरात आणला आणि गॅसच्या ओट्याशेजारच्या कोपऱ्यात बसवला. जागा नेमकी त्याच्या मापाची निघाली. पाठ भिंतीला टेकली, एक कूस ओट्याला. यजमान म्हणाले, जणू इथल्यासाठीच बनवला होता. बाहेरच्या हवेत उष्णता टाकायची असते, हे त्या क्षणी मला आठवले नाही. फळ्यावरच्या आकृतीत भिंत नसते.

त्यानंतर काय काय झाले, ते आज मला क्रमाने सांगता येते. तेव्हा मात्र ते तुकड्यातुकड्यांनी समोर येत होते आणि प्रत्येक तुकड्याला चंद्रपूरचा उन्हाळा हे एकच उत्तर पुरत होते. फ्रिज पूर्वी चालायचा, थांबायचा. आता थांबेनासा झाला. मी म्हटले, उन्हाळा आहे, बिचाऱ्याला काम जास्त. सकाळी विरजलेले दही दुपारी ताकासारखे आंबट. उन्हाळा. कोथिंबीर दोन दिवसांत काळी. उन्हाळा. बर्फाच्या ट्रेमध्ये चौकोनी खडे राहिले नव्हते. एका बाजूला उतरलेली एकसंध लादी असायची आणि तिच्या खाली, कप्प्याच्या तळाशी, पातळ पापुद्रा गोठलेला. म्हणजे दुपारी बर्फ वितळत होता, सांडत होता आणि पहाटे पुन्हा गोठत होता. हे वाचायला भौतिकशास्त्राची पदवीही लागत नाही. मी सुरीच्या टोकाने तो पापुद्रा खरवडायची आणि फेकून द्यायची.

यातली सर्वांत मोठी फसवणूक सकाळची होती. पहाटे हवा जरा निवली की फ्रिज कसाबसा उभा राहायचा. सकाळी सात वाजता इन्सुलिन काढताना बाटली हाताला गार लागे. दार उघडले की आतला दिवा लख्ख पेटे. दिवा पेटतो म्हणजे फ्रिज चालू आहे, यापुढे माझी चौकशी जात नव्हती.

दुपारी मात्र तो आवाज यायचा. आधी घूंऽ असे चार-पाच सेकंद, त्यासरशी स्वयंपाकघरातला पंखा किंचित मंदावायचा, मग कट्. मग काहीच नाही. काही मिनिटांनी पुन्हा घूं आणि पुन्हा कट्. मी दुपारी समोरच्या खोलीत कूलर लावून पडलेली असे; त्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नसे. आत्याबाईंना कूलर सोसत नव्हता. त्या आपल्या खाटेवर पडून असत, डोळे मिटून. मिटले काय नि उघडले काय, त्यांना सारखेच होते. फ्रिज त्यांच्या उशाच्या भिंतीपलीकडे होता.

एकदा जेवताना त्यांनी ते काढले. "सूनबाई, तुही पेटी धापा टाकून राह्यली."

यजमान हसले. "तो स्टॅबिलायझर होय, आत्या. इथी सगळ्याइच्या घरी वाजते तो."

ते खोटे नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब दिवसभर खालीवर होतो, आणि प्रत्येक घरात फ्रिजच्या डोक्यावर एक स्टॅबिलायझर बसलेला असतो, तो कट्-कट् करत असतो. त्या कट्ची आम्हाला इतकी सवय आहे की पाहुणे दचकतात तेव्हाच तो आम्हाला ऐकू येतो. पण स्टॅबिलायझरचा कट् वरून येतो. हा खालून येत होता.

"डोक्यातून नाई येत, पोटातून येते," आत्याबाई म्हणाल्या. "आधी कण्हते, मंग कट् करते, मंग गप. आमची म्हैस मरायच्या आधी अशीच करे."

"म्हशीले स्टॅबिलायझर लावला नसन तू," यजमान म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो. त्या वेळी आत्याबाईही हसल्या, हे मला आठवते. मग पुन्हा एकदा, हळूच, त्यांनी मडक्याची गोष्ट काढली. मी वरणाचे भांडे पुढे केले.

महिन्याने साखर तपासली ती अडीचशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवले. पंधरा दिवसांनी तीनशेच्या पुढे. त्यांनी पुन्हा वाढवले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, फ्रिजमध्येच ठेवता ना? मी इतक्या आत्मविश्वासाने हो म्हटले की त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मग उरला दुसराच प्रश्न. तो त्यांनी आत्याबाईंना न विचारता आम्हाला विचारला: लपून काही गोड खातात का? म्हाताऱ्या माणसांचे असे होते, ते म्हणाले. ऑपरेशनची तारीख अर्थातच पुढे गेली.

घरी आल्यावर मी पाहायला लागले. पाहायला लागले की दिसतेच. आंब्यांच्या टोपलीत काल सात होते, आज सहा कसे? यजमानांनी खाल्ला असेल, हे विचारायचे मला सुचले नाही. साखरेच्या डब्याचे झाकण सैल का? आत्याबाई दुपारी उठून स्वयंपाकघरात जातात, ते कशाला? त्या फ्रिजजवळ जात असत. एकदा मी दारातून पाहिले. त्या फ्रिजच्या कुशीवर तळहात ठेवून उभ्या होत्या, आमच्याकडे आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मला वाटले, दार उघडायच्या बेतात आहेत. मी खाकरले. त्या हात काढून निमूट खाटेकडे गेल्या. मी आंबे कपाटात ठेवून कुलूप लावले. किल्लीचा आवाज त्यांना ऐकू जाईल, हे मला माहीत होते.

मग ती पिशवी सापडली. त्यांच्या ट्रंकेतली लुगडी उन्हात घालायला काढली, तेव्हा तळाशी मांजरपाटाची पिशवी होती. वास मी लगेच ओळखला: वाळलेली मोहफुले. आमच्या भागात मोह कुणाला नवा नाही. दारू त्याची होते हे खरे, पण घराघरांतून ती फुले भाजून, तिळासोबत कुटून खातातही, आणि ती मनुकांसारखी गोड असतात. पहिल्या दिवशी ट्रंक उघडताच तो आंबूस-गोड वास आला होता आणि मी नाकाला पदर लावला होता. आज तोच वास मला पुरावा वाटला.

यजमान कामावरून यायची वाट पाहायला हवी होती. मी पाहिली नाही. पिशवी त्यांच्या खाटेवर ठेवली आणि त्या आवाजात बोलले, जो शिक्षकांच्या खोलीत मला कधी सापडला नाही. मी ओरडले नाही, अपशब्दही वापरले नाहीत. इन्सुलिन म्हणजे काय, साखर रक्तात वाढली की डोळ्याच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्यांचे काय होते, आणि आम्ही सगळे त्यांच्यासाठी झटत असताना त्यांनी हे करावे याचे आम्हाला किती वाईट वाटते, हे सारे मुद्देसूद सांगितले. आत्याबाई खाटेच्या कडेवर बसून होत्या. पिशवीवर त्यांनी हात ठेवला, चाचपून ती काय आहे हे ओळखले आणि हात तसाच राहू दिला. पहिल्यांदा त्या नाही म्हणाल्या. मी म्हटले, मग साखर वाढली कशाने? आकडा खोटे बोलत नाही.

भिंतीपलीकडे घूं झाले, कट् झाले. मग त्या म्हणाल्या, "खाल्लं असन. तुमी म्हणता त खाल्लंच असन मी."

तोवर त्या मला तू म्हणत आल्या होत्या. त्या दुपारपासून तुम्ही.

माझे समाधान झाले, हे मला लिहिलेच पाहिजे. कबुली मिळाली होती. संध्याकाळी मी यजमानांना सांगितले. ते आत्याबाईंच्या खोलीत गेले नाहीत. बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले. मग मी गोंडपिपरीला माझ्या जावेला फोन केला. मन मोकळे करावे एवढाच हेतू होता, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. जावेने कुरखेड्याला कळवले. आठवड्यात ते साऱ्या नात्यात गेले. मेच्या अखेरीस एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, तिथे पंगतीत वाढणाऱ्या यजमानांच्या एका भाच्याने आत्याबाईंच्या पानाशी बुंदीचे ताट थांबवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "घे ना आजी, लपून खाण्यापक्षा समोरच खा." पंगत हसली. आत्याबाईंनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. मीही हसले होते, थोडेसे, सगळे हसत होते म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दारातल्या बाटल्या संपल्या. यजमानांनी संध्याकाळी दुकानातून नवी आणली, बर्फाच्या पिशवीतून. रात्रीचे इन्सुलिन त्यातूनच दिले. डॉक्टरांनी वाढवत नेलेले, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट माप. झोपेपर्यंत त्यांना काही झाले नाही, कारण जेवण नुकतेच पोटात होते. सकाळीही तेवढेच दिले. सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा कमी खाल्ले. अकराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी काहीतरी धप्पकन पडले. मी धावले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुगडे घामाने अंगाला चिकटलेले, हात थरथरत होते, आणि त्या माझ्याकडे पाहून कुणा भलत्याच बाईचे नाव घेत होत्या.

साखर तपासायचे यंत्र हाताशी होते. आकडा पंचेचाळीस.

मी साखरेचा डबा ओढला. ज्या डब्याच्या झाकणावर मी महिनाभर पाळत ठेवली होती, त्यातून चमच्याने साखर काढून, पाण्यात कालवून, मी माझ्या हाताने त्यांना भरवत होते. त्या तोंड मिटून घेत होत्या. मान फिरवत होत्या. बोलायची शुद्ध नव्हती, पण साखर खायची नाही, एवढे त्यांच्या शरीराला कळत होते. मी त्यांचा जबडा धरला.

वीस मिनिटांनी त्या माणसात आल्या. मला मात्र त्या आधीच कळले होते. तेच माप, तेच शरीर, बाटली फक्त नवी. नव्या बाटलीत औषध होते. म्हणजे जुन्यांत नव्हते.

मी रिकाम्या बाटल्यांतली एक कचऱ्याच्या डब्यातून काढून खिडकीपाशी धरली. हे इन्सुलिन दुधासारखे पांढरट असते, तळहातांत फिरवून एकजीव करून घ्यायचे असते. काचेला आतून बारीक दाणे चिकटले होते, फाटलेल्या दुधाचे असतात तसे. हे दाणे मी आधीही पाहिले होते. पुरेसे फिरवले गेले नाही म्हणून, असे मी म्हटले होते. मग मी फ्रिजकडे गेले आणि पहिल्यांदाच त्याच्या मागे हात घालायचा प्रयत्न केला. हात जाईना. जागाच नव्हती. फ्रिज ओढून पुढे घेतला, हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तव्याला लागावे तसे बोटाला लागले.

मेकॅनिक दुपारी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने फ्रिज पाहण्याआधी तो कोपरा पाहिला, भिंतीवर उमटलेला काळसर डाग पाहिला. मग जमिनीवर बसला आणि कान देऊन एक फेरा ऐकला: घूं, पंखा मंद, कट्. ऐकताना त्याचा चेहरा नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा होता. मोटर उठायला बघते, तिला उठवत नाही, मग जळू नये म्हणून आतले बटण तिला पाडते, असे त्याने मला समजावले. यजमान मध्येच म्हणाले की मॅडम फिजिक्सच शिकवतात. त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत टोमणा असता तर बरे वाटले असते.

"मॅडम, हे एका दिवसात नाई होत," तो म्हणाला. "दीड-दोन महिने झाले असन याले. तुमाले आवाज नाई आला काय?"

मी वर पाहिले. दारात आत्याबाई उभ्या होत्या, चौकटीला धरून.

नवा कम्प्रेसर बसला. फ्रिज पुन्हा हातभर पुढे आला. यजमानांनी आत्याबाईंना सांगितले की पेटी दुरुस्त झाली बरं आत्या, तुझी म्हैस वाचली. पुढचे त्यांनी सांगितले नाही. ते मी त्यांना सांगितले होते: औषध मेले होते, आत्याबाईंनी काही खाल्ले नव्हते. यजमान म्हणाले, आता हे सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा, दवाई नव्हतीच असे कळले तर ती आणखी घाबरेल. ते मला पटले, आणि किती सहज पटले, याचीच मला आज लाज वाटते. दया म्हणून गप्प बसण्याची सोय मिळाली, की गप्प बसायला कारण लागत नाही. जावेला मी फोन केला नाही. लग्नातल्या त्या भाच्यालाही कुणी काही सांगितले नाही.

साखर पंधरा दिवसांत उतरली. डॉक्टर खूश झाले. पथ्य पाळले की असे होते, असे ते आत्याबाईंच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. जुलैत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली. डावा डोळा चांगला आला. उजव्याचा मोतीबिंदू काढल्यावर आतल्या पडद्यावर रक्त उतरलेले दिसले आणि त्या डोळ्याने त्यांना पुढे उजेड-अंधारापलीकडे काही कळले नाही. मी डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. त्या दोन महिन्यांमुळे का, असे विचारले. जुना आजार आहे, असे नेमके सांगता येत नाही, ते म्हणाले. त्यांनी मला धीर देण्यासाठी ते म्हटले असावे. खरे म्हणजे मला शिक्षा हवी होती आणि त्यांनी तीही दिली नाही.

पऱ्हे कधीच टाकून झाले होते. आत्याबाई ऑगस्टमध्ये निघाल्या. निघताना त्यांनी ट्रंक उघडली, ती मांजरपाटाची पिशवी काढली आणि यजमानांच्या हातात दिली. लहानपणी त्यांच्याकडे असताना यजमानांना भाजलेला मोह फार आवडायचा, म्हणून गावाहून आणली होती. आल्या दिवशी मी नाकाला पदर लावलेला त्यांना दिसला नव्हता, पण मी खिडकी उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. म्हणून दिली नाही. यजमानांनी ओट्यावरची कात्री घेतली आणि पिशवीचे तोंड कापले, कारण ते सुतळीने शिवलेले होते. बारीक, एकसारखे टाके. सगळे शाबूत. त्या दुपारी मी त्या पिशवीला पुरावा म्हटले होते आणि तिच्या तोंडाकडे पाहिले नव्हते.

तुळशीशेजारचे मडके त्यांनी स्वतः जाऊन उचलले.

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. यजमानांना यायला जमले नाही, किंवा त्यांनी जमवले नाही. वाटभर मी एक वाक्य मनात म्हणत होते. पर्समध्ये प्रयोगशाळेतला तापमापी होता. का घेतला, मला माहीत नाही. भर दुपारी पोहोचले. आत्याबाई पडवीत होत्या. त्यांनी पाणी दिले, यजमानांची खुशाली विचारली, माझ्या गुडघ्यांची विचारली. चहात साखर मला घातली, स्वतःला नाही, आणि डबा माझ्यासमोरच ठेवला. साखर आता ठीक असते, आशाताई दर महिन्याला पाहते, असे त्यांनी सांगितले. माठ पडवीच्या सावलीत होता. त्यांनी ओला फडका बाजूला केला, मडक्यातून डबी काढली, डबीतून बाटली, आणि ती माझ्यापुढे धरली.

"हात लावून पाहा. नाई त घरी जाऊन म्हणसान, म्हातारीनं नासवली."

बाटली गार होती. तापमापी मी काढला नाही. मी म्हटले, "आत्याबाई, तुम्ही काही खाल्लं नव्हतं. फ्रिजमध्ये दवा मेली होती."

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या. बाटली परत डबीत ठेवली. डबी मडक्यात ठेवली. "तुमाले कवा समजलं?"

खोटे बोलता आले असते. "मेकॅनिक आला त्या दिवशी."

त्या थांबल्या. डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिल्या. तो डोळा आता स्वच्छ होता.

"म्हंजे मी तुमच्या घरी होती तवाच," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. ऑपरेशनच्या आधी, पिशवी कापण्याच्या आधी, दोन महिने त्या माझ्या हातचे जेवत होत्या आणि मला माहीत होते. त्यांनी तांब्या घेतला आणि वाळूवर पाणी शिंपडू लागल्या. डावीकडची वाळू ओली होत गेली. उजवीकडची, त्यांना न दिसणारी, कोरडीच राहिली. पाणी तिथपर्यंत पोहोचत नव्हते. मी हात पुढे केला आणि तांब्या मागितला.

त्यांनी दिला नाही.